फौजेचा खर्च कोणाच्या शेतावर?



पत्रिकेत आजचा विषय 'युद्धे, सत्तांतरे आणि वऱ्हाड' असा छापला आहे. तो वाचून काहींच्या मनात आलं असेल, आता इमादशाहीपासून सुरुवात होणार आणि सनावळ्या ऐकता ऐकता गावाकडची शेवटची एसटी चुकणार. घाबरू नका. सनावळी लागेल तेवढीच घेऊ. आज प्रश्न हिशेबाचा आहे. या मुलुखावर इतकी राज्यं आली आणि गेली. त्यांच्या फौजांचा खर्च कोणी भरला?

सोबतीला एक परका देशही घ्यायचा आहे: सुदान. अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना सुदान कशाला, असं कोणी म्हणेल. निळी नाईल आणि पांढरी नाईल यांच्या मधल्या दोआबाला तिकडे गेझिरा म्हणतात. तिथली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पाय धरून ठेवणारी. पीक कापसाचं. आणि मालक? एकाच वेळी दोन. एक नावाचा, एक कामाचा. आता ओळखीचं वाटतं की नाही?

पण आधी घरचं बघू.

बहमनी राज्य फुटलं आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्ला इमादउल्मुल्कानं वऱ्हाडात स्वतःचं राज्य मांडलं. राजधानी अचलपूर, पाठीशी गाविलगड आणि नरनाळा. बहमनींनंतरच्या इतिहासात वऱ्हाडचा धनी वऱ्हाडातच राहतो असा मोठा काळ हाच. १५७४ साली अहमदनगरच्या निजामशहानं ते राज्य गिळलं. बावीस वर्षांनी चांदबिबीला अहमदनगर वाचवायचं होतं, तेव्हा तिनं मोगलांच्या हवाली काय केलं? वऱ्हाड. तिच्या शौर्याबद्दल कोणाला शंका नाही. पण किल्ला वाचला अहमदनगरचा आणि किंमत चुकवली अचलपूर-बाळापूरच्या मुलुखानं, हेही तितकंच खरं. दुसऱ्याचं भांडण मिटवायला वऱ्हाड द्यायचं, ही रीत इथपासून दिसू लागते.

१७२४ साली साखरखेर्ड्याला, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, निजामउल्मुल्कानं मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादचं राज्य उभं राहिलं. तोवर मराठ्यांची चौथाई सुरू झालीच होती. पुढे नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार आणि निजामाचे अंमलदार एकाच गावात वसुलीला येऊ लागले. याला दोअमली म्हणत. भोसल्यांच्या हक्कांत चौथ होती, सरदेशमुखी होती आणि घासदाणाही होता. घोडदळाच्या घोड्यांना वैरण आणि चंदी लागते, तिचा आकार गावावर. फौज लढायला आली तरी घासदाणा, नुसती जवळून गेली तरी घासदाणा. कुणब्यानं एक पायली निजामाच्या नावानं मोजायची आणि दुसरी भोसल्यांच्या. दोन धनी असले म्हणजे रयतेला दाद मागायला दोन दारं मिळतात असं पुस्तकात वाटतं. गावात त्याचा अर्थ दोन वसुल्या एवढाच होतो.

आणि मग आलं १८०३.

त्या एका वर्षात, खरं म्हणजे शेवटच्या दोन महिन्यांत, वऱ्हाडचं पुढच्या दीडशे वर्षांचं नशीब लिहिलं गेलं. २९ नोव्हेंबरला आडगावला लढाई झाली. हे आडगाव आपल्या अकोला जिल्ह्यातलं, तेल्हाऱ्याकडचं. एका बाजूला रघूजी भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू आणि शिंद्यांचं घोडदळ. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, हाच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. अंजनगाव सुर्जीला विड्याच्या पानांसाठी जाणाऱ्या माणसाला क्वचितच माहीत असतं, की दौलतराव शिंद्यांनी दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख सोडला तो याच गावच्या तहानं.

देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक सोडलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. इंग्रजांनी तो पुढच्याच वर्षी निजामाला देऊन टाकला. का? निजाम त्यांच्या बाजूनं होता म्हणून. लढाई आडगावच्या शिवारात, तह देवगावात, आणि बक्षीस हैदराबादला!

आता दोअमली संपली, एकच धनी उरला, म्हणजे सुखाचे दिवस यायला हवे होते. आले का? इथे जरा थांबायला हवं, कारण आजच्या विषयाचं मर्म इथे आहे.

निजामाच्या पदरी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची एक फौज उभी राहिली. तीच पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली. हुकूम रेसिडेंटाचा, पगार निजामाचा. पगाराला पैसे नसत. मग हैदराबादच्या पामर कंपनीनं कर्ज द्यायचं, व्याज शेकडा चोवीस-पंचवीस. या कर्जातला मोठा भाग वऱ्हाडातल्या स्वारांच्या पगारासाठीच होता. कर्जाला तारण काय, तर परगण्यांचा वसूल. १८२०च्या सुमारास नवा रेसिडेंट मेटकाफ आला, त्यानं हे लफडं उजेडात आणलं आणि पामर कंपनी बुडाली. तिच्यामागून आले पारशी सावकार, विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी. त्यांनी वसुलीचे मक्ते घेतले, वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून थेट मुंबईला धाडायची वाट पाडली आणि स्वतःच्या नावाचं 'पेस्तनशाही' नाणंही चालवलं. १८४०च्या दशकात दरबारानं परगणे परत घेतले आणि त्यांचंही दिवाळं वाजलं.

सावकार बदलत राहिले. कुणब्याच्या दारावर मक्तेदाराचा माणूस मात्र ठरलेला. जो जास्त बोली लावेल त्याला परगणा; पुढच्या वर्षी दुसऱ्यानं जास्त लावली की पहिला बाहेर. एका वर्षाचा धनी विहीर कशाला बांधेल? तो उभं पीकच मोजणार.

कंटिन्जंटची थकबाकी वाढत गेली. अखेर २१ मे १८५३ रोजी डलहौसीच्या वतीनं रेसिडेंट कर्नल लो यानं निजाम नासिरुद्दौलाकडून तह करून घेतला. ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या, एवढी फौज इंग्रजांनी ठेवायची. तिच्या खर्चासाठी वऱ्हाड आणि आणखी काही जिल्हे त्यांच्या ताब्यात द्यायचे. मालकी निजामाची, कारभार ईस्ट इंडिया कंपनीचा. सरकारी नावच पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', सरळ बोलायचं तर तोडून दिलेले जिल्हे. सुरुवातीला जिल्हे दोनच केले: उत्तरेचं ठाणं बुलढाण्याला, दक्षिणेचं हिंगोलीला. हिंगोलीत त्याच फौजेची छावणी. अचलपूरलाही छावणी होती; आज आपण तिला परतवाडा म्हणतो. ज्या फौजेपायी मुलूख गहाण पडला, ती मुलखाच्या छातीवरच बसली होती.

१८५७ साली हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं. १८६०च्या तहात त्याचं इनाम मिळालं: सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले. कर्ज फिटलं, तर गहाण सुटायला हवं होतं. वऱ्हाड सुटलं का? नाही. कारण तोवर वऱ्हाड फायद्यात आलं होतं.

सालारजंगानं आपली सारी कारकीर्द हा मुलूख परत मिळवण्यासाठी घालवली. १८५३च्या तहानंतर काही दिवसांतच तो दिवाण झाला होता. पुढे १८७६ साली तो स्वतः इंग्लंडला जाऊन आला. मानसन्मान भरपूर मिळाला, वऱ्हाड मिळालं नाही. कारण मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि कापसाचा भाव कधी नव्हे एवढा चढून गेला होता. बघता बघता रेल्वे आली; १८६७ साली ती शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला टेकली. खामगावचा बाजार विलायतेतल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला. असा मुलूख कोण सोडतो, राजेहो?

नोव्हेंबर १९०२. कर्झननं निजाम महबूब अलीखानाकडून कायमचा पट्टा लिहून घेतला. वर्षाला २५ लाख रुपये खंड आणि वऱ्हाड इंग्रजांकडे अनंत काळ. १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलं. आणि ती फौज? हैदराबाद कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिळवल्या. ज्या कारणासाठी मुलूख गहाण पडला होता ते कारणच संपलं, मुलूख मात्र गहाणच राहिला. पन्नास वर्षं ज्या फौजेचं बिल भरलं ती नाहीशी झाली, याचं त्या वेळी वऱ्हाडात फारसं कोणाला काही वाटलं नसावं. पण ही गोष्ट ध्यानात ठेवा. सुदानकडे जाताना ती लागणार आहे.

या दुहेरी मालकीच्या गमती पुष्कळ. १८९७ साली अमरावतीला राष्ट्रीय सभेचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. कायद्याच्या काटेकोर भाषेत बोलायचं तर राष्ट्रीय सभा त्या वर्षी निजामाच्या जमिनीवर भरली होती! पुढे विधिमंडळं आली तेव्हा वऱ्हाडचा प्रतिनिधी लोकांनी निवडायचा आणि मग सरकारनं त्याला 'नेमायचा', कारण हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थान नव्हेच. १९२५ साली उस्मान अलीखानानं वऱ्हाड परत मागितलं. मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगनं उत्तर धाडलं, की सार्वभौम सत्तेशी बरोबरीच्या नात्यानं वाद घालायचा अधिकार कोणत्याही संस्थानिकाला नाही. संस्थानांच्या इतिहासात हे पत्र आजही महत्त्वाचं मानतात, आणि ते निघालं आपल्या चार जिल्ह्यांवरून. १९३६ साली निजामाची समजूत अशी काढली, की त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला. किताब हैदराबादेत, वसूल नागपूरच्या तिजोरीत.

आता सुदान.

१८९८ साली किचनरनं ओमदुर्मानची लढाई मारली. खर्च मुख्यतः इजिप्तच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रजांचा. १९ जानेवारी १८९९ रोजी लॉर्ड क्रोमरनं करार केला. सुदानवर ब्रिटन आणि इजिप्त दोघांचं राज्य, दोन झेंडे शेजारी शेजारी. गव्हर्नर जनरलची नेमणूक इजिप्तच्या खेदिवानं करायची, मात्र ब्रिटन सांगेल त्याचीच. आपल्याकडच्या दोअमलीला तिकडे काँडोमिनियम म्हणाले. १९२५ साली सेन्नारचं धरण पुरं झालं आणि गेझिराच्या काळ्या जमिनीत लँकाशायरसाठी लांब धाग्याचा कापूस पिकू लागला. तिथला शेतकरी कूळ होता. कापूस किती लावायचा, कधी लावायचा हे तिथली लागवड चालवणारी कंपनी ठरवी. त्याच्या वाट्याला नफ्यातले साधारण ४० टक्के. १९५१ साली इजिप्तनं राजा फारूकला 'इजिप्त आणि सुदानचा राजा' जाहीर केलं. प्रिन्स ऑफ बेरार आठवतो ना? तोच थाट, तेवढीच सत्ता. १९५३ साली सुदानात संसदेची पहिली निवडणूक झाली. ती घेणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते सुकुमार सेन, ज्यांनी आदल्याच वर्षी आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली होती. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला.

इथपर्यंत दोन्ही कहाण्या जोडीनं चालतात. मग वाटा कुठे फुटल्या?

१९५८ साली सेनापती अब्बूद यांनी सत्ता घेतली. १९६९ साली निमेरी यांनी. १९८५ साली त्यांना काढलं, १९८९ साली ओमर अल बशीर आले. दक्षिणेशी दोन प्रदीर्घ युद्धं झाली आणि २०११ साली दक्षिण सुदान वेगळा झाला. दारफुरचा उठाव मोडायला सरकारनं टोळ्या हाताशी धरल्या. त्यांचंच २०१३ साली 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' नावाचं दल झालं. त्या दलाचे प्रमुख हेमेती. पुढे दारफुरमधल्या जेबेल आमिरच्या सोन्याच्या खाणी त्यांच्या हाती आल्या. म्हणजे फौजेनं आपला खर्च स्वतःच मुलखावर लावून घेतला, मध्ये रेसिडेंटही नको आणि दिवाणही नको. २०१९ साली बशीर गेले. १५ एप्रिल २०२३ पासून हे दल आणि देशाचं लष्कर एकमेकांशी लढत आहेत. त्या डिसेंबरात गेझिराचं वाद मदनी शहर दलाच्या हाती पडलं, जानेवारी २०२५ मध्ये लष्करानं ते परत घेतलं. एक कोटीहून अधिक माणसं घरदार सोडून गेली. कापसाच्या पाटांत पाणी सोडायला माणूस उरला नाही.

तुलना ओढूनताणून करू नये. सुदान हा अनेक भाषांचा, अनेक धर्मांचा विशाल देश. वऱ्हाड म्हणजे तेव्हाचे चार जिल्हे. तरीही दोन फरक नजरेत भरतात. पहिला, वऱ्हाडची फौज १९०३ साली मोठ्या लष्करात विरून गेली. मुलखावर हक्क सांगणारे पुष्कळ उरले, पण त्यांतल्या कोणाजवळ मुलखाच्या पैशावर पोसलेली बंदूक नव्हती. १९४७ साली निजामानं वऱ्हाडवर पुन्हा दावा सांगितला खरा. मात्र २९ नोव्हेंबर १९४७च्या 'जैसे थे' करारात वऱ्हाडचा कारभार होता तिथेच राहिला. (आडगावच्या लढाईची तारीखही २९ नोव्हेंबरच! इतिहास असे योगायोग उगाच टाकून जातो.) सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर तो दावाही बोलायचा उरला नाही.

दुसरा फरक जमिनीचा. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी आली. वर्धा नदीपलीकडे मालगुजारी, म्हणजे सरकार आणि कुणबी यांच्या मधे मालगुजार. अलीकडे सारा थेट सरकारात. नदी ओलांडली की शेतकऱ्याचा दर्जा बदलत असे. याचं फार गुणगान करायला नको. जमीन नावावर झाली म्हणजे ती गहाणही टाकता येते, आणि कापसाच्या भावात तेजी-मंदी झाली की सावकाराच्या वहीत ती पटकन जाऊनही बसते. पण याच रयतवारीतून वर आलेल्या घरांतली पोरं अमरावती-अकोल्याच्या शाळांत शिकली, वकील झाली, नगरपालिका आणि लोकल बोर्डांत बसली. मुधोळकर, खापर्डे, मोरोपंत जोशी ही वकिली पिढी. पुढे शेतकऱ्याच्या घरातले पंजाबराव देशमुख. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी. वणीचे बापूजी अणे. १९३० साली खारपाणपट्ट्यातल्या दहीहंड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून सत्याग्रह झाला तो याच माणसांच्या बळावर. गेझिराच्या कुळाला असं व्यासपीठ फार उशिरा मिळालं.

त्यामुळे पुढची भांडणं कागदावर झाली. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार, स्वातंत्र्याला आठवडा राहिलेला असताना. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. १९५५ साली फाजल अली आयोगानं आठ जिल्ह्यांच्या वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. चार वर्षांत तीन राज्यं, आणि एक गोळी सुटली नाही वऱ्हाडासाठी. मुंबईतल्या हुतात्म्यांचा विसर न पडता हे म्हणता येतं.

मग सगळं ठीक झालं का? दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेषाचा हिशेब मांडला. १९९४ साली विदर्भ विकास मंडळ आलं, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष तर सभेसभेतून गाजला आहे. कोणी म्हणेल, निजाम गेला, इंग्रज गेला, फौजही गेली, तरी पैसा बाहेरच जातो. हे म्हणणं अर्धंच खरं आहे. आता मागणारे आणि खर्च ठरवणारे दोघंही निवडून गेलेले असतात, त्यातले कितीतरी आपणच पाठवलेले. सालारजंगाला लंडनला जावं लागलं. आपल्या आमदाराला डिसेंबरात नागपूरपर्यंतच जायचं असतं.

शेवटी एक कामाची गोष्ट, मग प्रश्नोत्तरं. इतकी राज्यं बदलल्यामुळे वऱ्हाडचं दप्तर देशभर आणि देशाबाहेर पांगलं आहे. निजामाच्या काळचं फारसी दप्तर हैदराबादला. रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. इंडिया ऑफिसचे लंडनला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे नागपूरला. अकोटच्या किंवा दर्यापूरच्या एखाद्या मुलीला आपल्या गावाचा १८५३च्या आधीचा वसूल शोधायचा असेल, तर तिला फारसी यावं लागेल, मोडी यावी लागेल आणि हैदराबादचं तिकीट काढावं लागेल. अमरावतीला विद्यापीठ आहे, १९८३ पासून आहे. या सगळ्या कागदांच्या प्रती तिथे एका ठिकाणी आणणं आणि मोडी-फारसीचा एक वर्ग सुरू करणं हे काही २५ लाख खंडाचं काम नव्हे. सभागृहात विद्यापीठातली मंडळी बसली आहेत. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला तरी चालेल, आणि उत्तर द्यायचं मनात आलं तर त्याहून बरं.